पुळणीवरची दुर्बीण: ग्रहांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

देवगड तालुक्यातल्या आमच्या गावी दिवाळीपासून शिमग्यापर्यंत, आभाळ स्वच्छ असेल त्या शनिवारी मी सहा इंची आरशाची दुर्बीण पुळणीवर नेऊन मांडतो. वाडीतली माणसे येतात, मुंबईहून आलेले चाकरमानी येतात, होमस्टेवाले आपल्या पाहुण्यांना पाठवतात. डोळा लावण्याआधी आणि लावल्यावर सगळे जवळपास तेच विचारतात. ती उत्तरे इथे लिहून ठेवतो आहे. रांगेत उभे असताना मोबाइलवर वाचा, म्हणजे तुमची पाळी आली की नुसते बघता येईल.

समुद्रावर तो झगझगीत दिसतो तो तारा की बोटीचा दिवा?

बहुतेक वेळा शुक्र. सूर्य बुडाल्यावर पश्चिमेला सगळ्यांत आधी दिसणारी ‘शुक्राची चांदणी’ म्हणजे चांदणी नव्हेच, तो ग्रह आहे. आकाशात तो सूर्यापासून ४७ अंशांपेक्षा लांब जात नाही. म्हणून तो संध्याकाळी तरी दिसतो, नाहीतर पहाटे तरी. मध्यरात्री डोक्यावर कधीच नाही.

तारा लुकलुकतो आणि ग्रह लुकलुकत नाही, हे शाळेत शिकलेले ढोबळमानाने खरे आहे. तारा इतका दूर की तो निव्वळ बिंदू. हवेच्या हालचालीने त्याचा प्रकाश सहज थरथरतो. ग्रहाला मात्र छोटीशी का होईना, थाळी असते. त्या थाळीच्या वेगवेगळ्या भागांतून येणारा प्रकाश एकमेकांची थरथर भरून काढतो. पण समुद्राच्या रेषेला टेकलेला शुक्रसुद्धा दमट हवेतून लाल-हिरवा लुकलुकताना मी पाहिला आहे. तेव्हा तो जरा वर असतानाच परीक्षा करा.

एकदा आमच्या वाडीतल्या एका तांडेलांनी शुक्राला डोळा लावला आणि वैतागून म्हणाले, “ही तर चवथीची कोर! चंद्र कित्याक दाखयतस?” त्या दिवशी अमावास्या होती. शुक्राला चंद्रासारख्याच कला असतात. गॅलिलिओने त्या १६१० मध्ये दुर्बिणीतून पाहिल्या, आणि शुक्र सूर्याभोवती फिरतो याचा तो भक्कम पुरावा ठरला. तांडेलांना मी वर चंद्र शोधायला सांगितले. बराच वेळ शोधत होते.

पंचांगात नवग्रह आहेत. तुम्ही आठच का म्हणता?

पंचांगातली यादी पृथ्वीवर उभे राहून केलेली आहे. तिच्यात सूर्य आणि चंद्र येतात, पण पायाखालची पृथ्वी येत नाही. राहू आणि केतू हे पदार्थाचे गोळे नाहीत. चंद्राची वाट आणि सूर्याची आकाशातली वाट जिथे एकमेकींना छेदतात, ते दोन बिंदू म्हणजे राहू-केतू. ग्रहणे त्यांच्याजवळच होतात, म्हणून गिळण्याची कथा. हिशोब म्हणून ती यादी अगदी चोख आहे, पण त्यातल्या दोघांना दुर्बीण लावून दाखवायला काही नाही.

विज्ञानाच्या यादीत सूर्यापासून क्रमाने बुध, शुक्र, पृथ्वी, मंगळ, गुरू, शनी, युरेनस, नेपच्यून. प्लूटो २००६ साली प्राग इथल्या आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघटनेच्या बैठकीत ‘बटुग्रह’ ठरला. त्याचा व्यास २,३७७ किलोमीटर, म्हणजे आपल्या चंद्राहूनही तो लहान. मला त्याच्यावर अन्याय झाला असे वाटत नाही. चाळिशीच्या पुढच्या लोकांना मात्र वाटते, आणि ते दर शनिवारी बोलून दाखवतात.

ग्रह एकमेकांच्या मानाने केवढे आहेत?

आकडे सांगितले की माणसे मान डोलावतात आणि विसरतात. म्हणून आम्ही एकदा शाळेतल्या मुलांना घेऊन हे पुळणीवर मांडले.

पृथ्वीला एक मिरीदाणा धरा, पाच मिलिमीटरचा. शुक्रही मिरीदाणाच, कारण त्याचा व्यास १२,१०४ किलोमीटर आणि पृथ्वीचा १२,७४२. मंगळ मेथीचा दाणा. बुध मोहरी. गुरू म्हणजे लहानसा पेरू, शनी म्हणजे चांगला पोसलेला रातांबा (कोकमाचे फळ), आणि युरेनस-नेपच्यून दोन सोललेल्या सुपाऱ्या. या मापात सूर्य पावणेदोन फूट रुंद भरतो. त्याच्यासाठी आम्ही जेवणावळीची परात वाळूत उभी रोवली.

इथवर सगळ्यांना मजा येते. मग अंतरे सुरू होतात. परातीपासून मोहरी २३ मीटरवर. पृथ्वीचा मिरीदाणा ५९ मीटरवर, आणि त्याच्यापासून वीतभरही नाही इतक्या जवळ चंद्र. मंगळ ९० मीटरवर. पेरू ठेवायला तीनशे मीटर चालावे लागले, रातांब्याला साडेपाचशे. पहिली सुपारी सव्वा किलोमीटरच्या जरा अलीकडे. शेवटची सुपारी घेऊन गेलेली दोन मुले पावणेदोन किलोमीटरवर, पुळण संपून कातळ लागतो तिथे पोहोचली. तिथून परत येऊन एकाने सांगितले, “परात दिसत नव्हती.” नेपच्यूनवरून सूर्य दिसतो, हे मी त्याला सांगितले, पण त्याचे निरीक्षण बरोबर होते. सगळी ग्रहमाला बहुतांशी रिकामी आहे. पाठ्यपुस्तकातल्या चित्रात ग्रह एकमेकांना खेटून असतात ते कागद पुरत नाही म्हणून.

बुध मात्र परतताना सापडला नाही. वाळूतल्या खेकड्याने नेला असावा.

आंब्याची पेटी मंगळावर किती भरेल?

हा प्रश्न मला खरोखर विचारला गेला आहे, एप्रिलमध्ये. इथे वीस किलो भरणारी पेटी ताणकाट्यावर टांगली तर मंगळावर साडेसात किलो दाखवेल, चंद्रावर सव्वातीन, गुरूच्या ढगांच्या पातळीवर पन्नास.

यात दोन गमती आहेत. बुध मंगळाहून बराच लहान, तरी त्याच्यावरही पेटी साडेसात किलोच भरते. कारण बुधाच्या पोटात लोखंडाचा प्रचंड गाभा आहे, त्रिज्येच्या जवळपास ८५ टक्क्यांपर्यंत पसरलेला. उलट शनीचे वस्तुमान पृथ्वीच्या ९५ पट, पण त्याच्या ढगांवर पेटी एकवीस किलोच्या आसपास. तो इतका फुगलेला आहे की त्याचा ‘पृष्ठभाग’ केंद्रापासून फारच लांब पडतो.

बुध सूर्याला सगळ्यांत जवळ. मग सगळ्यांत तापलेला शुक्र कसा?

पांघरुणामुळे. बुधाला हवा जवळजवळ नाहीच. दिवसा तिथे ४३० अंश सेल्सिअसपर्यंत तापते आणि रात्री उणे १८० पर्यंत उतरते, कारण उष्णता धरून ठेवणारे काही नाही. त्याच्या ध्रुवांजवळच्या खोल विवरांच्या तळाशी ऊन कधीच पोहोचत नाही आणि तिथे चक्क पाण्याचा बर्फ आहे. सूर्याच्या शेजारी बर्फ, हे पटायला मलाही वेळ लागला.

शुक्राची हवा ९६ टक्के कार्बन डायऑक्साइडची आणि अतिशय दाट. ऊन आत शिरते, उष्णता बाहेर पडत नाही. वैशाखात पत्र्याच्या शेडमध्ये आंब्याची राखण करणाऱ्याला हे समजावून सांगावे लागत नाही. दिवस असो की रात्र, ध्रुव असो की मध्य, शुक्रावर साधारण ४६५ अंश. त्या तापमानाला शिसे वितळते. म्हणजे जाळ्याला लावलेल्या शिशाच्या गोळ्यांचे तिथे पाणी होईल.

आणि दाब? पृथ्वीवरच्या हवेच्या ९२ पट. समुद्रात नऊशे मीटर खोल गेल्यावर असतो तेवढा. आमच्या बंदरातले ट्रॉलर जिथे जाळे ओढतात तिथली खोली सहसा शंभर मीटरच्या आतच असते, म्हणजे अंदाज करा. सोव्हिएत संघाचे व्हेनेरा १३ हे यान १ मार्च १९८२ रोजी तिथे उतरले. ते ३२ मिनिटे टिकावे अशी रचना होती, टिकले १२७ मिनिटे. त्याने पाठवलेल्या चित्रांत चपट्या फरशांसारखे खडक दिसतात. वरच्या ढगांतून सल्फ्युरिक ॲसिडचा पाऊस पडतो, पण जमिनीला लागण्याआधीच त्याची वाफ होते.

शुक्र स्वतःभोवती उलटा फिरतो आणि तोही रमतगमत: एका फेरीला २४३ दिवस. सूर्याभोवतीची फेरी मात्र २२५ दिवसांत. तिथे सूर्य पश्चिमेला उगवतो. कोकणात हे सांगितले की लगेच कोणीतरी म्हणते, “म्हणजे समुद्रातून!”

मंगळ लाल का? तिथे जांभा आहे का?

जांभा नाही, पण प्रश्न अगदी योग्य माणसांनी विचारलेला आहे. जांभ्याच्या सड्यावर, म्हणजे उघड्या लाल पठारावर, वाढलेल्या माणसाला मंगळाचा रंग समजावून सांगणे सगळ्यांत सोपे.

आपल्याकडचा मूळ खडक म्हणजे लाव्हारसाचा काळा कातळ, बेसाल्ट. लाखो वर्षे उष्ण हवेत धो धो पाऊस झेलून त्यातली सिलिका आणि इतर विरघळणारे घटक वाहून गेले. मागे राहिले लोह आणि ॲल्युमिनियम. लोहाला हवा-पाणी लागले की गंज चढतो. तो गंज म्हणजे जांभ्याचा रंग, आपल्या अंगणातल्या धुळीचा रंग आणि शाळेच्या पांढऱ्या पँटच्या तळाला बसलेली ती कधीही न जाणारी किनार.

मंगळावरही मूळ खडक बेसाल्टच. तिथल्या लोहालाही गंज चढला आहे, आणि तो मैद्याहून बारीक धुळीच्या रूपात ग्रहभर पसरला आहे. फरक पुढे आहे. चिऱ्याच्या खाणीत जा, चिरा आतपर्यंत लालच निघतो, कारण आपला पाऊस खडकाच्या हाडापर्यंत मुरला. मंगळाचा लाल रंग बहुतेक वरवरचा. क्युरिऑसिटी गाडीने फेब्रुवारी २०१३ मध्ये तिथल्या खडकाला भोक पाडले तेव्हा बाहेर आलेली भुकटी राखाडी होती. ते छायाचित्र मी छापून दुर्बिणीच्या पेटीत ठेवले आहे. लाल धुळीत एक राखाडी भोक, जणू तांबड्या मातीत कोणी राख सांडली.

दुर्बिणीतून मंगळ लाल भडक दिसेल असे समजून येऊ नका. नारिंगी रंगाची एक वाटाण्याएवढी थाळी दिसते, तीही तो जवळ आलेला असताना. निराश झालेल्यांना मी चैत्रात दुपारी सड्यावर जाऊन यायला सांगतो. गवत वाळलेले, झाड नाही, लाल खडक क्षितिजापर्यंत. फक्त आकाश वेगळे धरायचे. मंगळावर ते दिवसा पिवळट असते आणि सूर्य मावळताना त्याच्याभोवती निळसर होते. आपल्या उलट.

मंगळावर कधी पाणी होते का?

होते. जेझेरो विवरात पर्सिव्हिअरन्स गाडी १८ फेब्रुवारी २०२१ रोजी उतरली ती मुद्दाम एका प्राचीन नदीच्या त्रिभुज प्रदेशाजवळ. कोकणातल्या माणसाने असा प्रदेश घरी पाहिलेला नसतो. आपल्या नद्या सह्याद्रीवरून उतरून लगेच खाडीला मिळतात आणि त्यांचा गाळ भरती-ओहोटी वाहून नेते. जेझेरोत भरती नव्हती, शांत सरोवर होते. गाळ पंख्यासारखा पसरून बसला आणि अब्जावधी वर्षांनी तसाच आहे. आता तिथली हवा पृथ्वीच्या एक टक्क्याहूनही विरळ आहे. पृष्ठभागावर पाणी ओतले तर ते टिकणार नाही.

मंगळावरचा सर्वांत उंच डोंगर सह्याद्रीसारखा दिसतो का?

मुळीच नाही. ऑलिंपस मॉन्स सुमारे २२ किलोमीटर उंच, कळसूबाईच्या तेरापट. पण पायथा सहाशे किलोमीटर रुंद. मुंबई ते सावंतवाडी त्यात मावेल. मधला उतार इतका सौम्य की वर उभ्या असलेल्या माणसाला आपण डोंगरावर आहोत हेही कळणार नाही. घाटाचा कडा बघितलेल्यांना तो डोंगर वाटणार नाही.

गुरूवर यान उतरवता येईल का?

उतरायचे कशावर? गुरू हायड्रोजन आणि हेलियमचा. खाली जावे तसा वायू दाटत जातो, मग द्रवासारखा होतो, आणखी खाली हायड्रोजन धातूसारखा वागायला लागतो. पाय टेकायला जागा कुठेच नाही.

एवढा अजस्र ग्रह, पृथ्वीच्या ३१८ पट वस्तुमानाचा, पण स्वतःभोवतीची फेरी दहा तासांच्या आत. त्या गतीने तो मध्यावर फुगलाय. विषुववृत्तावरचा व्यास १,४२,९८४ किलोमीटर, ध्रुवांमधून सुमारे नऊ हजारांनी कमी. दुर्बिणीतून नीट बघितलात तर हा चपटेपणा डोळ्यांनी कळतो. पृथ्वीही अशीच चपटी आहे, पण ४३ किलोमीटरनेच.

लोकांना हवा असतो तो लाल डाग. ते एक वादळ आहे, पृथ्वीहून रुंद, आणि निदान दीडशे वर्षे सतत पाहिले जात आहे. इथे माझा आवडता प्रश्न येतो: वादळ इतके दिवस कसे टिकते? ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगर भागात जमिनीवर आले. त्याने सुपारीच्या बागा आडव्या केल्या, पण दुसऱ्या दिवसापर्यंत त्याचा जोर ओसरला, कारण त्याला खालून मिळणारी समुद्राची ऊब तुटली आणि जमिनीशी घासाघीस सुरू झाली. गुरूवर धडकायला जमीनच नाही. आणखी एक भेद: आपले चक्रीवादळ कमी दाबाचे, तर लाल डाग जास्त दाबाचा, उलटा भोवरा. गेल्या शंभरेक वर्षांत तो आक्रसत चालला आहे.

सहा इंची दुर्बिणीतून डाग फिकट दिसतो, आणि तो समोर असेल तरच. चार मोठे उपग्रह मात्र हमखास दिसतात. त्यांपैकी गॅनिमीड बुध ग्रहाहून मोठा आहे.

शनी पाण्यावर तरंगेल हे खरे का?

आकडा खरा, चित्र खोटे. शनीची सरासरी घनता पाण्याच्या ०.६९ पट. होडीला लागणाऱ्या आंब्याच्या सुक्या लाकडाच्या आसपास. त्यावरून कोणीतरी शनी टबात ठेवला आणि तो सगळ्या पुस्तकांत तरंगतो आहे. पण शनी हा घट्ट गोळा नाही. तो ठेवायला समुद्र शोधलाच, तर ग्रह विस्कटून त्यात मिसळून जाईल. मी मुलांना फक्त आकडा सांगतो.

शनीची कडी खरीच दिसतात का? कशाची आहेत?

दिसतात. आणि ज्याला दिसतात तो हमखास दुर्बिणीच्या तोंडाकडे जाऊन बघतो. आमच्या शेजारच्या आजी तर म्हणाल्या, “ह्या चित्र कोणी चिकटवल्यान रे?” मी दुर्बीण जराशी हलवली, शनी सरकत नजरेआड गेला, तेव्हा त्यांची खात्री पटली. मग त्या खुर्चीवरून उठेनात.

कडी म्हणजे मुख्यतः पाण्याच्या बर्फाचे तुकडे, धुळीच्या कणापासून घराएवढ्यापर्यंत, प्रत्येक जण आपापल्या वाटेने शनीभोवती फिरणारा. मुख्य कड्यांची रुंदी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पावणेतीन लाख किलोमीटरच्या आसपास, आणि जाडी बहुतेक ठिकाणी दहा मीटरच्या घरात. म्हणजे एका पोफळीच्या उंचीइतकीसुद्धा नाही. त्यामुळे शनीच्या साडेएकोणतीस वर्षांच्या फेरीत दोनदा ती आपल्याला अगदी कडेवरून दिसतात आणि जणू नाहीशी होतात. मार्च २०२५ मध्ये तसे झाले. त्याच्या आगेमागे आलेल्यांनी शनीची नुसती गोळी पाहिली आणि मला नावे ठेवली. आता ती पुन्हा उघडत जाऊन २०३२ च्या सुमारास पूर्ण पसरलेली दिसतील. त्या लोकांनी परत यावे.

पत्रिकेतला ‘हर्षल’ कोण?

युरेनस. विल्यम हर्शेलने १३ मार्च १७८१ रोजी तो शोधला आणि मराठी ज्योतिषांनी शोधणाऱ्याचेच नाव ग्रहाला देऊन टाकले.

तो कलंडलेला आहे. अक्ष ९८ अंशांनी कललेला, त्यामुळे ८४ वर्षांच्या फेरीत प्रत्येक ध्रुवावर ४२ वर्षे उजेड आणि ४२ वर्षे अंधार. मिथेन वायू लाल रंग शोषतो, म्हणून तो हिरवट निळा दिसतो. त्यालाही कडी आहेत. १० मार्च १९७७ रोजी तो एका ताऱ्यासमोरून गेला तेव्हा त्या ताऱ्याचा प्रकाश आधी आणि नंतर क्षणभर मंदावला, त्यावरून ती सापडली. तमिळनाडूतल्या कावलूर वेधशाळेतूनही ते निरीक्षण झाले होते.

आणि वास. ओहोटीला खाडीतल्या कांदळवनाचा चिखल उघडा पडतो तेव्हा जो कुजक्या अंड्यासारखा वास सुटतो, तो हायड्रोजन सल्फाइडचा. २०१८ साली युरेनसच्या ढगांत तोच वायू असल्याचे स्पष्ट झाले. आमच्या खाडीकाठच्या पोरांना याचा फार अभिमान आहे.

नेपच्यून त्याचाच भाऊ, आणखी दूर, ताशी दोन हजार किलोमीटर वाऱ्यांचा. साध्या डोळ्यांनी दिसत नाही. माझ्या दुर्बिणीतून निळसर ठिपका. २३ सप्टेंबर १८४६ रोजी तो सापडला तो आधी कागदावर गणित करून.

सगळे ग्रह एका रांगेत आले की उधाण येते का?

नाही. असा मेसेज दर वर्षी फिरतो आणि दर वर्षी कोणीतरी होडी वर ओढून ठेवतो. भरती चंद्रामुळे, आणि त्याच्या निम्म्याहून जरा कमी सूर्यामुळे. अमावास्या-पौर्णिमेला दोघांची ओढ एका रेषेत येते म्हणून उधाण, अष्टमीच्या सुमारास काटकोनात येते म्हणून भांग, म्हणजे कमी भरती. ग्रहांपैकी भरतीवर सर्वांत जास्त जोर शुक्राचा, तोही तो अगदी जवळ असताना, आणि तो चंद्राच्या साधारण वीस हजारावा भाग. तीन मीटरच्या भरतीत हिशोब केला तर पोस्टकार्डाच्या जाडीएवढाही फरक नाही. होडी ओढायची तर वाऱ्याचा इशारा बघून ओढा.

हेलियमचा शोध विजयदुर्गावर लागला ना?

हा प्रश्न विचारणाऱ्याला दुखवणे जिवावर येते, कारण किल्ला आमच्याच तालुक्यातला. पण लिहितो. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणाचा पट्टा आपल्या किनाऱ्यावरून गेला हे खरे. पण शोधाचे श्रेय ज्या दोघांना देतात त्यांपैकी जान्सेन हा फ्रेंच शास्त्रज्ञ त्या वेळी आंध्रातल्या गुंटूरला होता. दुसरा, नॉर्मन लॉकियर, इंग्लंडमध्ये होता आणि त्याने सूर्यप्रकाशातली हेलियमची ती पिवळी वर्णरेषा त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये तिथूनच पाहिली. लॉकियर विजयदुर्गाला आला तो २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणासाठी. म्हणजे किल्ल्यावर त्याच्या दुर्बिणीचे म्हणून ‘साहेबाचे ओटे’ दाखवतात तेव्हा साहेब खरा, साल वेगळे.

हेलियमचा ग्रहांशी संबंध मोठा आहे. गुरूच्या हवेत वजनाने सुमारे पाव भाग हेलियम. शनीच्या पोटात खोलवर त्याचे थेंब होऊन खाली पडतात असे मानले जाते, आणि त्या पडण्यातून सुटणाऱ्या उष्णतेने शनी आतून उबदार राहतो. हेलियमचा पाऊस. कोकणातल्या माणसाला याहून चांगली बातमी काय द्यायची?

पावसाळ्यात दुर्बीण बघायला येऊ का?

येऊ नका. जूनपासून सप्टेंबरपर्यंत ती पेटीत असते. इथली दमट खारी हवा आरशाला खाते. पहिल्या वर्षी मी नुसती चादर टाकून ठेवली होती, तर गणपतीपर्यंत आरशावर कोळिष्टकासारखी बुरशी चढली. विकणाऱ्याला फोन केला, तो म्हणाला हमीमध्ये बुरशी येत नाही. आता घट्ट झाकणाचा डबा, आत सिलिका जेलच्या पुड्या, आणि पुड्या ओल्या झाल्या की तव्यावर गरम करून परत आत.

ती बुरशी कोमट पाण्यात दोन थेंब साबण घालून, बोटाचे पेर अलगद फिरवून काढली. काठाजवळ एक डाग राहिलाच. आरशात बघितले तर दिसतो, शनी बघताना दिसत नाही.